राठोडचं वजन बरोबर होतं

"चोपन्न!" मी ओरडलो.

साखर गोडाऊनच्या दारात उभे असलेले आमचे वॉचमन टाळ्या वाजवायला लागले. काट्यावर रामधन राठोड उभा होता. दीड महिन्यापूर्वी याच काट्यावर तो चौसष्ट किलो भरला होता. गोडाऊन कीपर म्हणाला, "उस्ताद, हे पोतं गळतंय बरं का. शिवून घ्या." सगळे हसले. मीही हसलो. राठोडही हसला आणि उतरताना त्यानं काट्याची दांडी घट्ट धरली. त्याला झोक गेला होता. मी ते पाहिलं. काटा हलला असेल, असं म्हणून मी पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या टाळ्या आठवल्या की आजही मला लाज वाटते. टाळ्या वाजवायला सुरुवात मीच केली होती.

मी मूळचा जवळा बाजारचा. फौजेत सतरा वर्षं काढली, त्यातली शेवटची सात पी.टी. इन्स्ट्रक्टर म्हणून. तिथं इन्स्ट्रक्टरला उस्ताद म्हणतात. पेन्शनवर घरी आलो आणि आमच्याच भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. उस्ताद हे नाव माझ्यामागं तिथंही आलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. या गोष्टीत चूक कोणाची, ते वाचताना कळेलच. नव्वदीची शेवटची वर्षं होती. हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणी जिल्ह्यातच मोडत होतो.

सुरुवात एका बटणानं झाली. हंगाम सुरू होताना गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा कार्यक्रम असतो. पाहुणे येतात, भाषणं होतात. आमची वॉचमन मंडळी दोन रांगांत उभी राहून सलामी देते. त्या वर्षी मी "सावधान" म्हणालो, रामधननं छाती पुढं काढली, पण छातीआधी पोट पुढं आलं आणि शर्टाचं बटण तुटून थेट पाहुण्यांच्या पायाशी जाऊन पडलं. पाहुणे हसले. आमचे एम.डी. साहेब, म्हणजे कारखान्याचे सर्वांत मोठे अधिकारी, हसले नाहीत. ते त्याच वर्षी पुण्याकडून आले होते.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"खिल्लारे, ही सिक्युरिटी आहे की वऱ्हाडी मंडळी?"

"सर, मी घेतो ते मनावर."

"फेब्रुवारीअखेर मी स्वतः इन्स्पेक्शन घेणार. यंदा चार हंगामी माणसं कायम करायची आहेत. बेल्टच्या वर पोट दिसलं की नाव कापणार. आणि मला दर सोमवारी प्रत्येकाच्या वजनाची यादी टेबलावर पाहिजे. किती उतरलं, कागदावर दिसलं पाहिजे."

"येस सर," मी म्हणालो.

हंगामी आणि कायम हा फरक बाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. साखर कारखाना वर्षातले चार-पाच महिने चालतो. हंगामी माणूस तेवढ्याच दिवसांचा. ऊस संपला की त्यानं वळकटी बांधून घरी जायचं. कायम माणसाला बारा महिने काम आणि कॉलनीत क्वार्टर मिळतं. रामधन अकरा हंगाम हंगामीच होता. त्याचा तांडा गोरेगावच्या पलीकडं. भावकी दरवर्षी ऊसतोडीला जायची. हा वॉचमन झाला, म्हणून तांड्यात त्याचा मान होता. त्याला दोन मुली. बायको कमलबाई दर दिवाळीनंतर मुलींना घेऊन कारखान्यावरच्या चाळीत यायची आणि उन्हाळा लागला की परत जायची. दोन्ही पोरी अर्धं वर्ष एका शाळेत, अर्धं वर्ष दुसऱ्या. थोरली सातवीत होती आणि तिला दोन्ही शाळांत कोणी धड ओळखत नव्हतं. कायम करायच्या यादीत नाव आलंय कळल्यावर रामधन मला म्हणाला होता, "उस्ताद, एवढं एक क्वार्टर भेटलं ना, तर पोरगी एका जागी मॅट्रिक करंल. मला दुसरं काय बी नको."

तर त्याचं पोट आडवं आलं होतं.

माझ्याकडं फौजेतला एक जुना चार्ट होता. उंचीप्रमाणं माणसाचं वजन किती असावं, ते त्यात दिलेलं. सगळ्यांची उंची-वजनं घेतली. काही जण ऐंशीच्या पुढं होते, त्यांचं काम सरळ होतं. रामधनचं वेगळं निघालं. उंची पाच फूट सहा इंच, वजन चौसष्ट. चार्टप्रमाणं एकदम बरोबर. हात-पाय बारीक, मान बारीक, गाल बसलेले. पण कंबर अडतीस इंच. तो स्वतःच म्हणायचा, "मडक्याला काड्या लावल्यावानी दिसतो मी."

अशा माणसाचं पोट कमी करायचं म्हणजे वजन कमी करायचं नसतं. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं, कोर्समध्ये आम्हाला ते घोकून घ्यायला लावलं होतं. त्याला भरभर चालवायचं, ओझं उचलायला लावायचं, दंड-बैठका काढायला लावायच्या आणि पोटभर खाऊ घालायचं. मग हळूहळू पोटावरची चरबी घटते आणि मांड्या-खांद्यांवर मांस चढतं. काटा जागचा हलत नाही, पट्टा मात्र एक-दोन भोकं आत जातो. नुसत्या पोटाच्या कसरती करून पोटाचीच चरबी जाते, हाही एक गैरसमज आहे. शरीर चरबी कुठून काढायची ते आपल्याला विचारून ठरवत नाही.

पहिला महिना मी बरोबर काम केलं. हे सांगायलाच हवं, कारण मग पुढच्या चुकीला "मला माहीत नव्हतं" हे कारण उरत नाही. रोज सकाळी कंपाउंड वॉलच्या कडेनं दोन चकरा भरभर चालणं. मग दंड, बैठका. मग रेतीनं भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन गोडाऊनच्या पायऱ्या चढ-उतार. जेवणात दोन भाकरी, वरण, एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे. पहिल्या आठवड्यात रामधन पायऱ्यांवर बसून घ्यायचा. चौथ्या आठवड्यात पिशवी घेऊन वर जायचा आणि वरून मला आवाज द्यायचा, "उस्ताद, अजून एक देऊ का?"

महिन्यानं शिंप्याकडून टेप मागवली. कंबर साडेछत्तीस. दीड इंच गेलं होतं. वजन? चौसष्टच.

रामधन खूश होता. बेल्टला खिळ्यानं नवं भोक पाडून मला दाखवायला आला. "पँट घसरून राहिली उस्ताद," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशीचा रामधन मला सगळ्यात जास्त आठवतो. तब्येतीनं तो त्या दिवसाइतका बरा पुन्हा कधी झाला नाही.

सोमवारी यादी घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांनी बोट फिरवत फिरवत एका नावावर थांबवलं.

"राठोड. चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, चौसष्ट. काय करून घेताय तुम्ही याच्याकडून? हा तोच ना, बटणवाला?"

इथं मला बोलायचं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. साहेब, याचं वजन बरोबर आहे. कंबर दीड इंच उतरलीय, टेप लावून बघा. एवढंच. टेप माझ्या खिशात होती. पण साहेबांच्या कपाळावर आठी होती, समोर चीफ इंजिनिअर बसले होते, आणि सतरा वर्षं वरच्याला "येस सर" म्हणून म्हणून माझ्या जिभेला दुसरं वळणच राहिलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात फरक दिसेल सर," मी म्हणालो.

"दिसला तर यादीत. नाहीतर नवा माणूस घेऊ."

बाहेर आलो. रामधन गेटवर होता. त्याला बाजूला घेतलं.

"राठोड, उद्यापासून संध्याकाळची भाकर बंद. दुपारी एकच. अंडं-शेंगदाणे सोड. चालणं बंद, आता पळायचं. तीन चकरा."

त्यानं विचारलं, "काहून उस्ताद? तुमीच म्हणले होते, वजन बराबर हाय."

"साहेबांना काट्यावर फरक पाहिजे."

त्यानं बेल्टच्या नव्या भोकावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "मंग भूक लागली तर?"

आणि मी त्याला जो सल्ला दिला, तो साखर कारखान्यातला माणूसच देऊ जाणे. मी म्हणालो, "मिलवर जा, ग्लासभर रस पी. रस म्हणजे पाणीच. पोटाला जड नाही, ताकद टिकते." हंगामात मिलवर ताजा रस कामगारांना मागेल तेवढा मिळायचा. आम्ही सगळेच प्यायचो. कारखान्यात कोणी रसाला खाणं समजत नव्हतं. तो नळाच्या पाण्यासारखाच वाटायचा.

वजन उतरायला लागलं. पहिल्या सोमवारी बासष्ट, दुसऱ्या सोमवारी साठ. मी चकित झालो. एवढ्या लवकर कोणाचं उतरत नाही. ऐंशी किलोवाली मंडळी अजून अठ्ठ्याहत्तरवर रेंगाळत होती आणि हा चौसष्टचा गडी धडाधड खाली येत होता. खरं तर मला तिथंच शंका यायला हवी होती. मी मात्र बाकीच्यांना सुनवायला लागलो, "राठोडकडं बघा! याला म्हणतात मन लावून काम करणं."

साहेबांनी यादीवर त्याच्या नावाशेजारी लाल पेनानं "गुड" लिहिलं. तो कागद मी नोटीस बोर्डावर लावला.

जानेवारीत गेटच्या तक्रारी यायला लागल्या. रामधन ड्युटीवर टिकत नाही. दर थोड्या वेळानं कुंपणाकडं लघवीला जातो, तेवढ्यात उसाच्या ट्रका खोळंबतात. मी त्याला झापलं.

"काय रे, गेट सोडून सारखा कुठं पळतोस?"

"तहान लई लागून राहिली उस्ताद. पाणी पेतो, मंग लघवीला जावं लागतं."

"मग पाणी कमी पी."

"पेलं न्हाई तर जीभ टाळूला चिटकते."

"तर रस पी. आणि गेट सोडलंस तर एक चकर जास्तीची."

त्यानं गेट सोडलं. मी त्याला जास्तीची चकर पळवली. एक नाही, त्या महिन्यात कितीतरी. कॅन्व्हासचे पी.टी. शूज स्टोअरमधून आले होते, त्याच्या मापाचे संपले म्हणून एक नंबर लहान दिले होते. त्यानं तक्रार न करता तेच पायात कोंबले. सगळ्यांना मी आधीच बजावून ठेवलं होतं, इन्स्पेक्शनपर्यंत जो आजारी पडेल, तो यादीतून गेला.

एके दुपारी कमलबाई माझ्या टेबलापाशी आली. डोक्यावरचा पदर नीट करत उभी राहिली. ती सहसा कोणाशी बोलत नसे.

"साहेब, एक सांगू का? आमचा माणूस वाळून राहिला."

"वाळवायलाच तर घेतलाय त्याला," मी म्हणालो. टेबलाभोवतीचे दोघे-तिघे हसले.

ती हसली नाही. "तसं न्हाई साहेब. रातच्याला चार-चार बार उठते. आन् आमच्या मोरीत मुंग्या होऊन राहिल्या. मायच्या घरी एक म्हातारा होता, त्याला बी..."

"बाई, कारखाना साखरेचा आहे. मुंग्या नाही येणार तर काय हत्ती येणार?"

पुन्हा सगळे हसले. ती वळली आणि गेली. वाक्य पुरं करू दिलं असतं, तर त्या म्हाताऱ्याला काय झालं होतं ते तिनं सांगितलं असतं. ज्याच्या लघवीत साखर जाते, त्याच्या मोरीला मुंग्या लागतात, हे गावाकडच्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण साखर कारखान्यात मुंग्या सगळीकडं असतात, चहाच्या कपात असतात, हजेरीच्या रजिस्टरात असतात. त्या गर्दीत चाळीतल्या एका मोरीच्या मुंग्या माझ्या लक्षात आल्या नाहीत. खरं सांगायचं तर मी लक्षच दिलं नाही. माझी यादी चांगली चालली होती.

मग तो सोमवार, चोपन्न किलो आणि टाळ्या. चार्टप्रमाणं आता तो कमी भरत होता. मी चार्ट ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता.

फेब्रुवारीअखेर इन्स्पेक्शन झालं. साहेब रांगेतून चालत आले. एकेकाच्या बेल्टमध्ये दोन बोटं घालून बघत होते. रामधनपाशी थांबले. कंबर तेहतीस. युनिफॉर्म अंगावर लोंबत होता, पण पोट नव्हतं. साहेब मला म्हणाले, "खिल्लारे, मानलं तुम्हाला. हा माणूस वॉचमन दिसतोय आता." रामधननं कडक सॅल्यूट ठोकला. त्याचे डोळे खोल गेले होते आणि ओठांना भेगा पडल्या होत्या. मी पुढं झालो आणि त्याची कॉलर सरळ केली.

चार दिवसांनी त्याला कायमची ऑर्डर मिळाली. कमलबाईनं पेढे वाटले. माझ्या हातात पेढा ठेवून ती लगेच पुढच्या माणसाकडं वळली.

ऑर्डर मिळून आठवडा झाला असेल. रामधन सकाळच्या फॉलिनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, आला नाही. मी चाळीत गेलो. तो खाटेवर होता, अंग तापलं होतं. खोलीत वास येत होता. डाव्या पायाला धडपं गुंडाळलेलं.

"काय झालं?"

"काय न्हाई उस्ताद. बूट लागला व्हता."

"कधी?"

तो कमलबाईकडं बघायला लागला. तिनं सांगितलं, "महिना झाला साहेब. फोड आला, फुटला. दुखत न्हाई म्हणे, म्हणून तसाच पळत व्हता."

धडपं सोडलं. अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं. काळसरपणा वर घोट्याकडं चढत होता. फौजेत मी जखमा पाहिल्यात. तरी मला बाजूला तोंड करावं लागलं.

"अरे, सांगितलं का नाहीस?"

"तुमीच म्हणले व्हते, आजारी पडला तो यादीतून गेला."

कारखान्याच्या जीपमधून त्याला हिंगोलीला नेलं, तिथून लगेच नांदेडला. मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्त, लघवी तपासून घेतली आणि मला बाहेर बोलावलं. त्यांनी साखरेचा जो आकडा सांगितला तो मला कळला नाही, पण त्यांचा चेहरा कळला.

"याला डायबेटिस आहे हे घरच्यांना माहीत होतं?"

"नाही साहेब."

"आजचा नाही हा. चार-पाच वर्षांचा तरी असेल. पायाची संवेदना गेलीय, म्हणून दुखलं नाही. हात-पाय बारीक आणि पोट तेवढं पुढं, अशी माणसं बघितली की आधी साखर तपासायची असते. वजन कधीपासून उतरतंय?"

"साहेब, ते आम्ही उतरवलं. व्यायामानं. दीड महिन्यात दहा किलो."

"दहा किलो तुम्ही नाही उतरवले. साखरेनं उतरवले. तुम्ही फक्त मोजले."

त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं.

"खायला काय देत होतात?"

"संध्याकाळची भाकर बंद होती. भूक लागली की उसाचा रस."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सही करायला घरचं कोण आहे?"

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन दिवस थांबलो असतो तर जीवही गेला असता, असं नंतर कळलं.

रामधन वाचला. इन्सुलिन सुरू झालं, महिन्याभरात गाल भरायला लागले. औषधपाणी बरोबर झाल्यावर त्याचं वजन पुन्हा साठीच्या घरात गेलं. आता तो कायम कामगार होता, त्यामुळं कारखान्याला त्याला ठेवून घेणं भाग होतं. वॉचमनचं काम एका पायावर होत नाही. त्याला केन यार्डच्या खिडकीत बसवलं, उसाच्या गाड्यांना टोकन द्यायला. क्वार्टर मिळालं. थोरली पोरगी त्याच क्वार्टरमधून मॅट्रिक झाली. तिनं पेढे आणले तेव्हा रामधन कुबडीवर रेलून पाहुण्यांना सांगत होता, "आमचे उस्ताद. यायच्यामुळं मी कायम झालो." आलेला माणूस माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.

असं त्यानं वर्षानुवर्षं सांगितलं. लग्नात, बाजारात, तांड्यावर. मनापासून सांगायचा, टोमणा त्यात औषधालाही नव्हता. मला ते ऐकवायचं नाही. एम.डी. साहेबांची दुसऱ्या हंगामानंतर बदली झाली. त्यांना त्या वजनाच्या याद्या आठवतही नसतील.

मी रिटायर झाल्यावर गावात सकाळी फिरायला येणाऱ्यांचा एक गट जमला. मास्तर, दुकानदार, एक-दोन नर्स. त्यातली निम्मी पोट कमी करायला येतात. त्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. आधी साखर तपासून या, मग माझ्याकडं या. आणि वजन बरोबर असेल तर काट्याचं नाव काढू नका, बेंबीवरून टेप लावा आणि दोन वेळा नीट जेवा. रोज भरभर चाला, आठवड्यातून तीनदा ओझं उचला, घाई करू नका. कोणी कौतुकानं सांगितलं, "उस्ताद, काही न करता चार किलो उतरले," की मी त्याच दिवशी त्याला दवाखान्यात धाडतो. लोक मला वहमी म्हणतात. म्हणू देत.

रामधनला मात्र मी खरं सांगितलं नव्हतं. ते सांगायला मला आठ वर्षं लागली. गोरेगावला बाजाराच्या दिवशी तो भेटला, सेनगावच्या जीपची वाट बघत बाकड्यावर बसलेला. जयपूर पाय लावलेला होता, त्यावर पँट इस्त्रीची. मी शेजारी बसलो. चहा मागवला, त्याचा बिनसाखरेचा. शेजारच्या माणसाला त्यानं सुरुवात केलीच, "हे आमचे उस्ताद..."

मी त्याचा हात धरला. "राठोड, थांब. ऐक. तुझं वजन बरोबर होतं. चौसष्ट. पहिल्या महिन्यात तुझं पोटही उतरत होतं. तू बरोबर चालला होतास. मला ते माहीत होतं. भाकर बंद करायची काही गरज नव्हती."

त्यानं कप खाली ठेवला. शेजारचा माणूस उठून गेला.

"मंग तवाच साहेबाला काहून न्हाई बोलले?"

"तोंड उघडलं नाही. भ्यालो."

रामधन मान हलवत राहिला. मी शिव्यांची वाट बघत होतो. तो म्हणाला, "मी बी न्हाई बोललो उस्ताद. पायाचं. तुमाला भ्यालो."

जीप आली. मी त्याला आधार द्यायला हात पुढं केला, पण तो बाकड्याला धरून आपला आपण उठला. तो मला भ्याला आणि मी साहेबांना भ्यालो, हिशोब सारखाच. पाय मात्र त्याचा गेला.